नंदूनं धुतले जळके बूट

मुडदूस कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो? रौलेट कायदा कोणत्या साली आला? ‘रामाने रावणास मारले’ हा प्रयोग कोणता? एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळात भरतील? हे चार प्रश्न एकाच पानावर, एकाखाली एक छापलेले आहेत. त्यांची आपसात ओळख नाही, नातं नाही, पुढेमागे सोयरीक जमेल अशी चिन्हंही नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या जगात याला ‘संमिश्र सराव प्रश्नसंच’ म्हणतात. असे शंभर प्रश्न असतात आणि ते सोडवायला साठ मिनिटं देतात. म्हणजे मुडदुसाला छत्तीस सेकंद आणि रावणालाही छत्तीसच.

नवी पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी छापखाना होता. आता तिथे अभ्यासिका आहे. प्लायवूडच्या फळ्या घालून केलेले खण, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंगचा पॉइंट आणि एक भावी अधिकारी. भिंतीवर ‘फोनवर बाहेर जाऊन बोलावे’ अशी पाटी आहे. त्यामुळे आतली सगळी खाजगी आयुष्यं आमच्या जिन्यात येऊन बोलली जातात. “हो आई, जेवलो. हो, दोन पोळ्या. नाही, जाहिरात नाही आली अजून. येईल. हो, यंदा नक्की.” हे संभाषण मी इतक्या आवाजांत ऐकलं आहे की आई पलीकडून काय म्हणाली असेल ते मला पाठ आहे.

या मुलांना अभ्यासिकेत नावं नसतात, गावं असतात. “हिंगोली कुठंय?” “हिंगोली चहाला गेलाय. गडहिंग्लज आहे आत.” संध्याकाळी ही मंडळी चहा घेऊन आमच्या कट्ट्यावर टेकतात आणि मी रिकामा दिसलो की हिंगोली हातात पुस्तिका ठेवून म्हणतो, “काका, दहा मिनिटं विचारता का?” अशा रीतीने निवृत्तीनंतर मला प्रश्नविचारक म्हणून बिनपगारी नेमणूक मिळाली. वयोमर्यादेची अट नाही.

संमिश्र संच मनातल्या मनात सोडवणं वेगळं आणि मोठ्याने वाचून दाखवणं वेगळं. वाचणाऱ्याच्या आवाजाची फार पंचाईत होते. जालियनवाला बागेचा प्रश्न वाचताना माझा आवाज आपोआप खाली येतो. 13 एप्रिल 1919, बैसाखीचा दिवस, बंद मैदान. तेवढ्यात पुढचा प्रश्न येतो की खालीलपैकी कोणता प्राणी अंडी घालतो. तोच खालचा आवाज घेऊन मी प्लॅटिपसबद्दल विचारतो आणि गडहिंग्लज म्हणते, “काका, दुःखी नका होऊ, तो सस्तन आहे.”

मुलांना मात्र ही अडचण अजिबात नाही. जालियनवाला म्हटलं की हिंगोलीच्या डोळ्यांसमोर मैदान येत नाही, दोन आडनावं येतात. गोळीबाराचा हुकूम देणारा डायर आणि त्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर. 1940 मध्ये लंडनला उधमसिंगांनी मारला तो ओडवायर. “काका, इथंच मार्क जातात,” तो मला कळवळून सांगतो. पर्याय तयार करणाऱ्याला ही दोन आडनावं सापडली त्या दिवशी त्याने घरी पेढे नेले असतील.

प्रश्नाहूनही पर्याय हे खरं शास्त्र आहे. उत्तर येणं ही यातली सगळ्यात प्राथमिक पायरी. त्याच्या वरची पायरी म्हणजे उत्तर न येता बरोबर पर्याय काढणं. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘सर्वच’ असा शब्द विधानात आला की ते विधान बहुधा चूक. सगळ्यात लांबलचक पर्याय बहुधा बरोबर, कारण खोटं बोलायला कुणी एवढी शाई वापरत नाही. ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं की दोन तपासायचे आणि तिसऱ्यावर विश्वास ठेवायचा. ‘वरीलपैकी एकही नाही’ दिसलं की देवाचं नाव घ्यायचं. लातूरचा एक मुलगा तर प्रश्न न वाचता नुसते पर्याय वाचून उत्तर सांगतो आणि ते पुष्कळदा बरोबर येतं. त्याला एकदा प्रश्न वाचायला लावला तर तो गोंधळला.

ही सवय पुढे अंगात भिनते. मेसचा मामा विचारतो, “मेथी का बटाटा?” हिंगोली म्हणतो, “अ आणि ब दोन्ही.” मामा त्याच्या पुढचा. तो दोन्हींच्या ऐवजी कालची उसळ वाढतो आणि म्हणतो, “वरीलपैकी एकही नाही.”

वजा गुणांची पद्धतही मला अत्यंत सुसंस्कृत वाटते. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, गप्प राहणाऱ्याचं काही कापत नाहीत. हाच नियम रस्त्यावर पत्ता सांगणाऱ्यांना लावायला हवा. शनिवार पेठेचा पत्ता विचारला की ठाऊक नसतानाही ठामपणे नारायण पेठेकडे बोट दाखवणाऱ्यांचे संध्याकाळपर्यंत किती पाव कापले गेले असते! घरच्या वादात तर ही पद्धत ताबडतोब सुरू व्हावी. तसा प्रस्ताव मी एकदा घरी मांडला आणि सध्या मी अटेम्प्ट कमी ठेवतो.

बुद्धिमत्ता चाचणीत नातेसंबंधांचे प्रश्न येतात. एका फोटोकडे बोट दाखवून रमेश म्हणतो, “ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी आहे.” तर ती रमेशची कोण? उत्तरपत्रिकेत ‘बहीण’ असं छापलेलं होतं. गडहिंग्लजनं लगेच हरकत घेतली. “काका, आजोबा कुणाकडचे? आईकडचे असले तर एकुलता मुलगा म्हणजे मामा. मग ती मामेबहीण झाली. आणि आमच्याकडं मामेबहीण म्हणजे नुसती बहीण नसती, तिचं लग्न ठरू शकतंय रमेशशी!” हिंगोलीनं मान डोलावली. प्रश्न सेट करणाऱ्यानं इतका पुढचा विचार केला नव्हता. माझं विचाराल तर सरळ “ही माझी बहीण” असं न म्हणता आजोबांपासून सुरुवात करणाऱ्या रमेशकडे मुलगी देऊ नये.

आता पाठांतराकडे येतो. एवढा सगळा माल डोक्यात ठेवायचा कसा, तर ट्रिकने. आमच्या लहानपणी इंद्रधनुष्यासाठी ‘तानापिहिनिपाजा’ होतं आणि तेवढ्या एका शब्दावर आमचं शालेय विज्ञान निभावलं. आता प्रत्येक गोष्टीला ट्रिक आहे. मध्य प्रदेशाला महाराष्ट्राचे आठ जिल्हे लागतात. ते लक्षात ठेवायला हिंगोलीनं स्वतः वाक्य रचलं आहे. ‘नंदूनं धुतले जळके बूट, अमर नागाशी भांडला, गोंधळ.’ नंदुरबार, धुळे, जळगाव, बुलढाणा, अमरावती, नागपूर, भंडारा, गोंदिया. पश्चिमेकडून पूर्वेकडे, अगदी क्रमाने. मी थक्क झालो. एका वाक्यात पात्रं, संघर्ष आणि शेवट. कित्येक कादंबऱ्यांना एवढं जमलेलं नाही.

भानगड तेव्हा झाली जेव्हा गुजरातची सीमा आली. गुजरातला पालघर, नाशिक, धुळे आणि नंदुरबार लागतात. त्यासाठी लातूरची ट्रिक अशी, ‘पालीनं नाशकात नंदूला धुतलं.’ दोन्ही वाक्यं एकाच डोक्यात राहायला आली आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हिंगोली माझ्याकडे घामाघूम होऊन आला. “काका, नंदू धुतो का धुतला जातो?” मी म्हटलं, “नंदू कर्ता असेल तर मध्य प्रदेश, कर्म असेल तर गुजरात.” हे उत्तर त्याला इतकं आवडलं की त्याने ते वहीत चौकट करून लिहून घेतलं. व्याकरण आणि भूगोल एकाच ट्रिकमध्ये बसवणारा मी नवी पेठेतला पहिला माणूस असेन. दुसऱ्या दिवशी पेपरात सीमेचा प्रश्न आलाच, पण छत्तीसगडच्या. तिथे फक्त गोंदिया आणि गडचिरोली लागतात. दोघांसाठी कुणी ट्रिक केलेली नव्हती, म्हणून कुणालाच आठवले नाहीत.

पुस्तकांविषयी बोलायचं तर यातला राजा म्हणजे ठोकळा. सामान्य ज्ञानाचं जाड, चौकोनी, उशीच्या उंचीचं पुस्तक. त्याचे दोन्ही उपयोग होतात. गडहिंग्लज तलाठ्याबरोबर पोलीस भरतीचीही तयारी करते. तिथे लेखी शंभर गुणांची आणि मैदानी पन्नास गुणांची. मुलींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि चार किलोचा गोळा. सकाळी पर्वतीच्या पायऱ्या, दुपारी मोरोपंत आणि मराठी व्याकरण, संध्याकाळी टक्केवारी. गोळा आणायचा राहिला होता तेव्हा तिने काही दिवस ठोकळा आणि राज्यघटना एकत्र बांधून सराव केला. अंतर चांगलं गेलं, फक्त मूलभूत कर्तव्यांची पानं सुटी झाली.

ठोकळ्याचं दुखणं एकच. तो छापून होईपर्यंत जग हलतं. महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर हे आपल्या दोन पिढ्यांनी घोकलं. मग केंद्राने नव्या पद्धतीने बारीक मोजणी केली आणि देशाचा किनारा 7,516 किलोमीटरवरून थेट 11,098 वर गेला. महाराष्ट्राचा जवळजवळ 878 झाला. समुद्र होता तिथेच होता. प्रत्येक खाचखळगा धरून मोजलं की किनारा वाढतो, हे भूगोलाच्या दृष्टीने रास्तच आहे, पण हिंगोलीला ते वैयक्तिक लागलं. “काका, मी समुद्र पाहिला पण नाही अजून, आणि तो वाढला पण.” त्याच्या गावापासून समुद्र किती लांब आहे ते कुणीच फेरमोजणी करून कमी करत नाही.

जिल्ह्यांची नावं बदलली. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगरच्या जागी छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर आले. त्यांच्यावर बांधलेल्या ट्रिकांचे सगळे डोलारे कोसळले. शेकरू, हरियाल, ताम्हण, आंबा एवढ्यावर भागत होतं, त्यात 2015 मध्ये ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू आलं आणि 2023 मध्ये पापलेट हा राज्य मासा झाला. मराठवाड्यातल्या मुलांना तो पाठच करावा लागतो. ताटात आला असता तर आपोआप लक्षात राहिला असता. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या लाल दिव्याचं तर 1 मे 2017 पासून गाड्यांवरून विसर्जन झालं आहे. तरी क्लासच्या जाहिरातींत तो अजून फिरतो आहे. आणि खुद्द तलाठी? 2024 मध्ये त्या पदाचंही नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. म्हणजे मुलं तलाठी व्हायला म्हणून पुण्यात आली आणि अभ्यास करता करता ते पदच पुढे निघून गेलं.

पेपर झाला की अभ्यासिकेत दोन दिवस सामसूम असते. मग उत्तरतालिका येते. पहिली. तिच्यावर हरकती घ्यायच्या असतात, पुराव्यासह. हे दिवस मला सगळ्यात आवडतात, कारण एरवी पुस्तक बंद करायला आतुर झालेली मुलं आता पुस्तकांतून पुरावे शोधत असतात. एकाच प्रश्नाला स्टेट बोर्डाचं पुस्तक एक सांगतं, विश्वकोश दुसरं सांगतो आणि क्लासचे सर छातीठोकपणे तिसरं. मग अंतिम उत्तरतालिका येते. पहिलीत ज्याचं उत्तर दोन होतं, त्याचं आता तीन असतं आणि वादच मिटेना असा प्रश्न सरळ ‘रद्द’. आपल्या आयुष्यात जे विषय आपण वर्षानुवर्षं चघळत बसतो त्यांना रद्द करायची अशी सोय असती तर किती नातलग आज बोलत असते.

आणि यापुढे नॉर्मलायझेशन. लाखो उमेदवार, त्यामुळे परीक्षा अनेक सत्रांत, त्यामुळे कुठला पेपर सोपा तर कुठला अवघड, त्यामुळे सूत्र लावून गुण समान पातळीवर आणायचे. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. भागाकार तुम्हीच करा, तो पेपरात विचारत नाहीत. त्या निकालात सूत्र लावल्यावर दोनशेपैकी 214 गुण पडलेले उमेदवार निघाले. आमच्या वेळी दोनशेपैकी दोनशे मिळालेला माणूस शोधून सापडत नसे. हे वाचून लातूर कितीतरी वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, “काका, शेकडेवारीच्या प्रकरणात शंभरच्या वर उत्तर आलं की आमचे सर म्हणायचे, तपासून बघ, कुठंतरी चुकलंय.”

गंमत गंमत म्हणता म्हणता एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. सुरुवातीला मला वाटायचं, मुडदूस आणि रौलेट आणि टाकीचे नळ हे एका पानावर कोंबण्यात काही अर्थ नाही. ज्याला सातबारावर नोंदी करायच्या त्याला प्लॅटिपस कशाला? क्लासवाले म्हणतात ‘सर्वांगीण व्यक्तिमत्त्व’, पण ते फी घेताना म्हणतात. पुढे हिंगोलीची निवड झाली. पेढे वाटून, खण रिकामा करून, ठोकळा धाकट्या भावाला ठेवून तो मराठवाड्यातल्या एका गावी रुजू झाला. त्याचे फोन येऊ लागले तेव्हा या पानाचा अर्थ मला कळायला लागला.

“काका, सकाळी वारस नोंदीचे कागद. त्यात मयताला दोन बायका, दोघींनाही मुलं, आणि सगळी मुलं म्हणतात आजोबांचं एकुलतं एक नातवंड मीच.” मी म्हटलं, “मग आजोबा कुणाकडचे विचारलंस ना?” तो हसला. “दुपारी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ई-पीक पाहणी, त्यातल्या निम्म्यांचे फोन चार्ज नाहीत. मग मतदार यादी. मग उत्पन्नाचे दाखले. एका बाईंनी विचारलं, बाळाला डोस कधी? म्हटलं, ते आशाताईंना विचारा. तर म्हणतात, तुम्ही सरकारचेच ना?” म्हणजे त्याला रोजच्या रोज संमिश्र संच मिळतो आहे. फरक एवढाच की प्रत्येक प्रश्नाला छत्तीस सेकंद नाहीत, आणि पर्याय आहेत ते प्रश्न विचारणारे स्वतःच घेऊन येतात.

सत्तावीस वर्षांचा पोरगा. गावातली सत्तरीची माणसं त्याला ‘आप्पा’ म्हणतात, कारण आधीच्या तलाठ्याला म्हणायची. एकदा दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडत त्याच्याकडे आले. थोरला म्हणे, धाकट्याने बांध चार हात माझ्याकडे सरकवला. धाकटा म्हणे, बांध वडिलांनी घातला तिथेच आहे, दादाचं शेतच आकसलं. नंतर दोघांचं स्पष्टीकरण सुरू झालं, ते जेवणाची सुट्टी संपली तरी चालूच. शेवटी थोरला म्हणाला, “आप्पा, तुम्ही शिकलेली माणसं. सांगा बरं, खरं कोण बोलतंय?”

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

“विधान अ चूक, विधान ब चूक, दिसतच होतं काका. पण तिथं निगेटिव्ह लई जबरदस्त आहे. म्हटलं, मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे करा, आणि प्रश्न सोडून पुढच्याकडं वळलो.”

पुढचा प्रश्न गारपिटीच्या पंचनाम्याचा होता.